हेब्बाळे अण्णांची चौदा मिनिटं

“हात लावायच्या आधी एक सांग पोरी,” हेब्बाळे अण्णा म्हणाले, “हे नीट केलंस म्हणजे बिघडणार तर नाही ना?”

मी सॅक खाली ठेवत होते, ती तशीच हातात राहिली. तीन दिवसांत तीन वेळा निरोप पाठवून बोलावून घेतलेल्या माणसानं हे विचारावं, याचा मला रागच आला. दर वेळी चहावाल्याबरोबर सांगावा यायचा, दड्डीकरांच्या सुवर्णाला म्हणावं, आमचा कॉम्प्युटर बघून जा. आणि आता मी आले तर अण्णा कीबोर्डवर पंजा ठेवून बसलेले. मी तो उचलून पळणार होते की काय कोण जाणे.

दोन हजार नऊ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. गडहिंग्लजच्या तहसील कचेरीसमोर अण्णांचं पत्र्याचं खोकं होतं. लोकांचे अर्ज टाइप करून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद, रेशनकार्डात नाव घालणं, रेशनकार्डातून नाव काढणं. आधी टाइपरायटरवर करायचे, सहा वर्षांपासून कॉम्प्युटरवर. मी तेवीस वर्षांची, बेळगावला हार्डवेअरचा कोर्स करून नुकतीच परतलेली. तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी पहिली बाई मीच, हे मला लोकांनी सांगितलं नव्हतं. मीच लोकांना सांगत फिरत होते.

“चालू करा बघू,” मी म्हटलं.

अण्णांनी बटण दाबलं आणि ते खुर्चीतून उठले. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. त्यांनी बसवेश्वरांच्या फोटोला उदबत्ती लावली, खोक्यासमोर पाणी मारलं, कोपऱ्यावर जाऊन चहा सांगून आले, येताना शिपायाशी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलून आले. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरतच होतं. मग एकामागून एक खिडक्या उघडायला लागल्या. एक बंद होतेय तोवर दुसरी. सगळं शांत होऊन कर्सर हलायला लागला तेव्हा बरोबर चौदा मिनिटं झाली होती.

“अण्णा, एवढ्या वेळात माणूस संकेश्वरच्या निम्म्या वाटेला पोचतो.”

“आम्हाला कुठं जायचंय?” अण्णा म्हणाले आणि चहाचा पहिला घोट घेतला.

आधी कॅबिनेट उघडून धूळ झाडायची होती. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला तसे अण्णा त्याच्याकडे बघत राहिले.

“हा बापाच्या दुकानातला काय?”

“हो.”

माझ्या आप्पांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. स्थळ आलं असताना ते नाकारून मी बेळगावला शिकायला गेले, तेव्हा आप्पा माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत. फोन केला की रिसीव्हर आईच्या हातात द्यायचे. मग एका दुपारी न सांगता होस्टेलच्या दारात येऊन उभे राहिले. सायकलच्या ट्यूबच्या रबरात गुंडाळलेले पाच बारीक स्क्रू ड्रायव्हर हातात दिले, “हरवू नकोस,” म्हणाले आणि चहासुद्धा न घेता पुढच्या एसटीनं परत गेले. इतके दिवस धरून ठेवलेला राग त्यांनी कुठं सोडला, हे मला कधी कळलं नाही. आमच्या घरात राग आला तर सांगतात, गेला तर सांगत नाहीत.

धूळ झाडून, कॅबिनेट बंद करून मी मुख्य कामाला लागले. कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते. बटण दाबलं की कुणाकुणाला आपोआप उठवायचं, त्यांची नावं तिच्यात असतात. आपण काही नवीन टाकलं की ते आपलं नाव गुपचूप या यादीत घालून ठेवतं. नावापुढच्या चौकोनातली टिक काढली की ते झोपून राहतं. अण्णांच्या यादीत सतरा नावं होती.

“हा स्कॅनर कुठाय अण्णा?”

“तो होय? दोन वर्षं झाली. शाळेला देऊन टाकला.”

“स्कॅनर गेला, पण त्याचा प्रोग्रॅम रोज सकाळी उठून त्याला शोधतोय.”

“शोधू दे की. त्याला काय ठाऊक बिचाऱ्याला.”

मी टिक काढली. “आणि हे तीन-तीन अँटिव्हायरस? एक राखणदार पुरे. हे तिघं एकमेकांनाच चोर समजून धरून बसतात.”

“जो आला त्यानं एक घालून दिला. कुणाला नाही म्हणायचं?”

“आणि हे हवामान? ओस्लो?”

“ते राहू दे गं,” अण्णा पुढं झुकले. “रोज बघतो मी. आता बर्फ पडतोय तिथं.”

“ओस्लोच्या बर्फाचं तुम्हाला काय?”

“काही नाही. पण माहीत असलेलं बरं.”

मी त्याचीही टिक काढली. सतरापैकी पंधरा काढल्या. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम आणि एक अँटिव्हायरस, एवढे दोन ठेवले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि अण्णांकडे न बघता, बघत नाही असं दाखवत, घड्याळ धरून बसले.

“चाळीस सेकंद,” मी म्हणाले.

अण्णांनी नुकताच दुसरा चहा हातात घेतला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि कप तसाच टेबलावर ठेवला. शाबासकीचा एक शब्द नाही. मी तर मनातल्या मनात हे काम पुढं कुणाकुणाला सांगायचं याची यादी करत होते.

तेवढ्यात तानूबाई आली. साठीच्या पुढची, काष्टा घातलेली, पायात टायरच्या चपला. तिनं पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स काढून टेबलावर आपटली.

“नाव काढायचंय कार्डातनं.”

“कुणाचं?” अण्णांनी विचारलं.

“पोराचं. दशरथचं.”

अण्णांचा हात सवयीनं कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला आणि थांबला. कॉम्प्युटर चालूच होता. कोरा अर्ज समोर उघडून ठेवलेला होता, तोही मीच, हौसेनं.

“कारण काय घालू?”

“मेला म्हणून घाला.”

अण्णा हळू आवाजात म्हणाले, “तसं घालता येत नाही, तानूबाई. विभक्त राहतो असं घालतो.”

“काय बी घाला. पर नाव नको त्येचं माझ्या कार्डावर.”

अण्णांनी टाइप केलं. त्यांच्या बोटांना तीस वर्षांची सवय, चार ओळींना कितीसा वेळ लागणार? प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. तानूबाईनं अंगठा उठवला. अण्णांनी झेरॉक्सवर दशरथच्या नावाभोवती लाल पेनानं गोल काढला, आतल्या कारकुनाला शोधावं लागू नये म्हणून ते तसं नेहमी करायचे. झेरॉक्स अर्जाला टाचली. तानूबाई कागद घेऊन कचेरीच्या आवारात गेलीसुद्धा. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील.

“बघा,” मी म्हटलं, “एरवी अजून निम्म्या खिडक्यासुद्धा उघडल्या नसत्या.”

“तेच म्हणतोय मी,” अण्णा म्हणाले. चहावर साय धरली होती. “तानूबाई रांगेत जाऊन उभी पण राहिली.”

“मग चांगलंच झालं ना?”

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “टाइपरायटर होता तेव्हा मी रिबन बदलायचो,” ते म्हणाले. “माणूस भावाचं नाव काढायला आला, बायकोचं नाव काढायला आला, की म्हणायचो, थांबा, रिबन संपलीय. रिबन काही संपलेली नसायची. काढायची, परत तीच घालायची. दहा मिनिटं जातात त्यात. माणसाला बसवून ठेवलं की तो बोलतो. आल्या आल्या बोलतो तो राग असतो. दहा मिनिटांनी दुसरंच बोलायला लागतो.”

“आणि कॉम्प्युटर आल्यावर?”

“मग हे आलं. रिबनच नाही ह्याला. पहिलं वर्ष फार वाईट गेलं बघ, फटाफट नावं निघायची. मग हे आपोआप हळू हळू व्हायला लागलं. दर वर्षी थोडं जास्त. मला बरंच वाटलं. असलं गिऱ्हाईक येताना दिसलं की मी बंद करून परत चालू करतो.”

“आणि माणसं परत जातात?”

“सगळी कुठली जातात? ज्याचं खरंच मोडलंय त्याचं मी टाइप करून देतो, तो माझा धंदा आहे. पण दहातली तीन-चार उठून घरी जातात.” त्यांनी आवाराकडे पाहिलं. “हिचा नवरा गेलाय. लेक नाही. एकच पोरगा. कार्डावर दोनच नावं आहेत, बघितलंस न्हवं?”

मी बघितलं नव्हतं. मी सेकंद मोजत होते.

कचेरीची अर्ज घ्यायची खिडकी दीड वाजता बंद व्हायची आणि त्याआधी कारकुनानं शिक्का मारला की अर्ज दाखल. मग सर्कल अधिकारी, मग चौकशी, मग एक दिवस कार्डावरच्या नावावर आडवी रेघ.

“मी बोलावून आणते तिला,” मी उठले. “काय सांगू?”

“चूक झाली म्हण. पोराचं वय घालायचं राहिलंय.”

“खरंच राहिलंय?”

“ते लागतच नाही,” अण्णा म्हणाले. “जा लवकर.”

तानूबाईपुढं तिघंच उरले होते. मी वयाचं सांगितलं तशी ती माझ्यावरच उखडली, एवढी शिकलेली माणसं आणि एक कागद धड करता येईना म्हणाली. ते मी ऐकून घेतलं. परत येईपर्यंत ती सरकारलाही दोन शब्द बोलली होती.

अण्णा म्हणाले, “बस तानूबाई. नवीन काढायला पाहिजे. पण ह्या पोरीनं कॉम्प्युटरचं काहीतरी केलंय, परत चालू करायला लागंल.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कीबोर्ड ओढून घेतला. सतरा नावांची ती यादी पुन्हा उघडली आणि एकेक टिक परत घातली. शाळेला गेलेल्या स्कॅनरची घातली, तिन्ही राखणदारांची घातली, ओस्लोच्या हवामानाची घातली. दोन वर्षं पैसे भरून आप्पांचा राग ओढवून घेऊन जे शिकले होते, ते सगळं स्वतःच्या हातानं उलटं केलं. बटण दाबलं. वाळूचं घड्याळ फिरायला लागलं.

“किती येळ लागतोय?” तानूबाईनं विचारलं.

“होईल आता,” मी म्हटलं. आयुष्यात गिऱ्हाइकाला मारलेली ती माझी दुसरी थाप, पहिली वयाची.

अण्णांनी तीन चहा सांगितले. मग कागद-पेन घेऊन साळसूदपणे म्हणाले, “तवर वय लिहून घेऊ. जन्म कधीचा पोराचा?”

“साल कुठलं ठावं मला. कारखान्याचा हंगाम व्हता. पौष महिना.”

“आणि जन्मगाव?”

तानूबाईनं पदर सावरला. “गाव न्हाई. वाटंतच झाला. उसाच्या गाडीत.”

“गाडीत?”

“मोळ्यांवर. कारखान्याम्होरं गाड्यांची ही लांब रांग. माझ्या पोटात दुखाय लागलं. आमचे मालक बैलं सोडून पळाले बाया बोलवाय. बाकीच्या गाडीवानांनी आपली धोतरं फेडून चारी बाजूंनी धरली, तोंडं तिकडं करून. थंडी अशी, की सगळे नुसत्या लंगोट्यावर कुडकुडत उभे.” तिला हसू फुटलं ते तिनं पदरानं दाबलं. “पोरगं रडलं तसं सगळ्यांनी आरोळी ठोकली. मुकादमानं आमची गाडी रांग मोडून म्होरं घेतली. शाळंत जाईस्तोवर त्येला समदे कारखान्याच म्हणायचे.”

पडद्यावर पहिली खिडकी उघडली. स्कॅनर सापडत नाही म्हणून तक्रार होती. मी ती हळूच बंद केली.

“आता कुठं असतो?” अण्णांनी विचारलं.

“इचलकरंजीला. मागावर.” हसू गेलं. “संक्रांतीला सासुरवाडीला आलता. हितनं तीन मैलांवर. दोन दिस राहिला आणि गेला. आईला तोंड दाखवलं न्हाई. गावातल्या बाया मला इचारतात, दशरथ दिसला बाजारात, घरी काय केलंस गं? काय सांगू मी?”

“का आला नसेल?”

ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. दुसरा राखणदार उठला, तिसरा उठला, दोघांनी आपापल्या घोषणा केल्या. मला वाटलं होतं अण्णा आता काही समजुतीचं बोलतील. ते उदबत्तीची राख झाडत बसले होते.

“माग बंद पडलाय त्येचा,” तानूबाई आपणहूनच म्हणाली. “चार म्हैनं झालं. सून कुणाला तरी बोलली, तिथनं मला कळलं.”

“अस्सं.”

“लाजला असंल.” मग कपात बघत, “गणपतीला मीच बोललेली. रिकाम्या हातानं येत जाऊ नगंस म्हणून. सणाचं आपलं गमतीनंच बोललेली. त्येला लागलं असंल काय?”

कॉम्प्युटर शांत झाला. कोपऱ्यात ओस्लो उघडलं, ढग आणि त्याखाली पांढरे ठिपके.

“ह्ये काय?” तिनं विचारलं.

“लांबचा मुलूख आहे एक. बर्फ पडतोय तिथं,” अण्णांनी सांगितलं. “झाला कॉम्प्युटर चालू. तर काय घालू, तानूबाई?”

ती त्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

“ह्यातनं फोन लागतोय काय?”

“ह्यातनं नाही. ह्याच्यातनं लागतो.” अण्णांनी खिशातला मोबाइल पुढं केला. कमरेच्या चंचीत तिनं नंबराची चिठ्ठी जपून ठेवलेली होती, चार घड्या घातलेली. नंबर मी लावून दिला. पलीकडून आवाज आला तशी ती फोन कानाला दाबून एकच वाक्य बोलली.

“दशरथा, रिकाम्या हातानंच ये.”

मग डोळे पुसले, अंगठा उठवलेला अर्ज चार तुकडे करून टेबलाखालच्या खोक्यात टाकला, चहा चांगला होता म्हणाली आणि निघाली. मी तिच्या चपलांचा आवाज आवाराबाहेर जाईपर्यंत ऐकत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते अण्णांना दिसू नयेत म्हणून मी पडद्यावरच्या खिडक्या बंद करत बसले.

“झेरॉक्स राहिली तिची,” मी म्हटलं. टाचणीसकट टेबलावरच पडली होती.

“सगळ्यांचीच राहते. आलेला माणूस उठून गेला की झेरॉक्स विसरतोच. लोकांची कागदं, टाकायची कशी? त्या डब्यात ठेव.”

फळीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. झाकण निघता निघेना. आत गच्च भरलेल्या झेरॉक्स, काही पिवळ्या पडलेल्या, प्रत्येकीवर एका नावाभोवती लाल गोल. कुठं भाऊ, कुठं सून, एका ठिकाणी तर आई. तेवढी माणसं आपापल्या घरात अजून जेवत होती. तानूबाईची झेरॉक्स सरळ बसेना म्हणून मी मधले पाच-सहा कागद बाहेर काढले.

तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर काळा ठसा होता. अंगठ्याचा, ग्रीसचा. असा ठसा आमच्या घरात कॅलेंडरवर, दिव्याच्या बटणावर, आईच्या पंचांगावर, सगळीकडे असायचा.

कुटुंबप्रमुख, बसवंत शंकर दड्डीकर. खाली आईचं नाव. त्याखाली मुलगी, सुवर्णा, वय एकवीस. आणि माझ्या नावाभोवती लाल गोल.

मी खाली बसले. अण्णा कॅलेंडरकडे बघत होते.

“तू गेल्यावर दीड महिन्यानं आला होता,” ते म्हणाले. “सकाळीच. दुकान तसंच उघडं टाकून. नाव काढा म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, ऐकत नाही म्हणून घाला.”

“मग?”

“मग काय? कॉम्प्युटर चालू केला. तेव्हा बारा मिनिटं लागायची. पहिली पाच मिनिटं तुला बोलला. मग सांगायला लागला, तू सहा वर्षांची असताना त्याच्या पंपाची हवा कुठं गळते ते तू शोधून काढलं होतंस, पंप गालाला लावून. सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं होतं म्हणाला, माझ्या पोरीचं डोकं बघा. ते सांगता सांगता गप्प बसला.” “उठताना वैतागून म्हणाला, केवढा वेळ लावतंय हे डबडं. माझी पोरगी हेच शिकायला गेलीय बेळगावला. आली की तिच्याकडनंच नीट करून घ्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मी हो म्हटलं होतं. शब्द दिलेला. म्हणून तुला बोलावलं.”

“आणि ते कुठं गेले इथून?”

“दुकानात. आणि मग पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं जाताना दिसला.”

मी झेरॉक्स डब्यात ठेवली. परत काढली. मग पुन्हा ठेवली आणि झाकण लावलं. ती तिथंच राहायला हवी होती, बाकीच्यांबरोबर. कामाचे पैसे अण्णा देत होते, ते मी घेतले नाहीत. काम झालंच नव्हतं.

संध्याकाळी आप्पा दुकान बंद करून आले. मी ताटं वाढली. आप्पांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच विचारलं, “हेब्बाळ्यानं बोलावलं होतं म्हणे.”

“हो.”

“झाला काय कॉम्प्युटर नीट?”

“नाही,” मी म्हटलं. “केला होता. परत होता तसा करून आले. चौदा मिनिटं लागतात अजून.”

आप्पांचा हात ताटातच थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. आई म्हणाली, एवढी शिकून आलीस आणि एक कॉम्प्युटर नीट होईना तुला.

आप्पांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. लहानपणी ठेवायचे तशी.

“लागू देत,” ते म्हणाले.